लनचे नाव आणि अर्जातला रकाना: माझा अनुभव

डेटाबेसच्या लिनक्स सर्व्हरला बाहेरच्या स्टोरेजमधला एक लन (स्टोरेजने सर्व्हरला डिस्क म्हणून दिलेला जागेचा तुकडा) जोडून घेणे हे मुळात अर्ध्या दिवसाचे काम. फायबर चॅनेलचे (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या जाळ्याचे) कार्ड बसले, केबली दोन्ही स्विचमध्ये गेल्या, कार्डाच्या दोन्ही पोर्टांचे 16 अंकी डब्ल्यूडब्ल्यूपीएन, म्हणजे पोर्टांच्या ओळखी, मी स्टोरेज विभागाला कळवले आणि झोनिंगही (कोणत्या पोर्टाला कोणता पोर्ट दिसावा हे स्विचमध्ये ठरवणे) विनातक्रार पार पडले. घोडे अडले ते त्यानंतर, लनची नोंद करण्याच्या अर्जापाशी, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

त्या अर्जात ‘डिस्कचे नाव’ असा रकाना होता आणि ‘एसडी’ने सुरू होणाऱ्या नावाखेरीज त्याला काहीच चालत नसे. तो भरल्याशिवाय बॅकअप आणि देखरेख सुरू होणार नव्हती. माझ्या सर्व्हरवर मात्र तो एकच लन एसडीबी, एसडीसी, एसडीडी आणि एसडीई अशा चार नावांनी दिसत होता. कारण सर्व्हरच्या दोन पोर्टांपैकी प्रत्येकाला स्टोरेजचे दोन पोर्ट दिसत होते आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अशा प्रत्येक वाटेला स्वतंत्र डिस्क समजून नाव देतो. शिवाय ही नावे उपकरणे सापडतील त्या क्रमाने वाटली जातात आणि रीबूटनंतर तोच क्रम राहील याची हमी कोणी देत नाही.

मी रकान्यात डब्ल्यूडब्ल्यूआयडी लिहिला, म्हणजे 3 या अंकाने सुरू होणारी ती 33 अक्षरी ओळख, जी मूळ स्टोरेजकडून येते आणि वाट कोणतीही असली तरी बदलत नाही. अर्ज ‘अवैध नाव’ अशा शेऱ्यासह परत आला. सगळ्या वाटा मिळून एकच डिस्क दाखवणाऱ्या मल्टिपाथ या सॉफ्टवेअरने दिलेले ‘एमपाथए’ लिहिले, तेही परत आले. फोन केला तेव्हा पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “अहो, चारपैकी कुठलंही एक टाका ना, कोण बघतंय?” बघणारी स्क्रिप्ट होती, आणि नाव दुसऱ्या डिस्कला गेले तर ती निमूटपणे त्या दुसऱ्याच डिस्कवर पहारा देत बसली असती.

शेवटी त्यांना चाचणीच्या सर्व्हरसमोर बसवले. तिथल्या लनचा क्रमांक 1 होता. त्याच सर्व्हरला 0 क्रमांकाचा एक छोटा लन जोडून घेतला आणि रीबूट केला. एसडीबी हे नाव छोट्या लनकडे गेले, मोठा लन एसडीसी झाला, आणि मल्टिपाथच्या यादीत मोठ्या लनचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी मात्र अक्षरशः जसाच्या तसा होता. त्यानंतर रकान्याची अट सैल झाली. ती माझ्यामुळे झाली, याचा थोडा अभिमान आहे.

म्हणून सांगतो, मल्टिपाथच्या कॉन्फिगरेशन फाइलीत डब्ल्यूडब्ल्यूआयडीसमोर स्वतःचे टोपणनाव लिहून ठेवा, उदाहरणार्थ ‘डीबीडेटा01’, आणि माउंटच्या नोंदीत (कोणती डिस्क कोणत्या फोल्डरला जोडायची त्या यादीत) तेच नाव किंवा फाइलसिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे तिची एकमेव ओळख, वापरा. ‘एमपाथए’वर विसंबू नका, कारण क्लस्टरमधल्या दोन सर्व्हरांवर त्याच लनला वेगवेगळी नावे मिळू शकतात. सर्व्हर सुरू होताना मल्टिपाथ इनिटरामएफएसमधून (सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइलसंचातून) चालत असेल, तर फाइल बदलल्यावर तोही नव्याने बांधावा लागतो. आणि हे आधीच सांगायला हवे होते: एकच वाट दिसत असेल तर काही डिस्ट्रिब्युशनांमध्ये मल्टिपाथचे नाव तयारच होत नाही, त्यामुळे टोपणनाव का दिसत नाही हे शोधण्यापूर्वी झोनिंग तपासा.

लन काढतानाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी अनमाउंट, मग मल्टिपाथने बनवलेली ती एकत्रित डिस्क हटवणे, मग प्रत्येक एसडी वाट कर्नलमधून वगळणे, आणि त्यानंतरच स्टोरेज विभागाला मॅपिंग, म्हणजे लनची सर्व्हरशी असलेली जोडणी, तोडायला सांगणे. उलटे केले आणि एकही वाट नसताना वाचन-लेखनाच्या मागण्या रांगेत थांबवून ठेवण्याची सेटिंग चालू असली, तर त्या डिस्कला हात लावणारी प्रत्येक प्रोसेस लटकते. साधी आज्ञासुद्धा अडकून बसू शकते.