आमची वाटचाल: आधी मोजू, मग ठरवू

आमची सुरुवात दुरुस्तीतून झाली. गळके नळ, बंद पडलेले पंप, धार गेलेल्या कात्र्या, पाय डुगडुगणाऱ्या खुर्च्या. धाकटा भाऊ हत्यारं हाताळायचा, मी हिशेब आणि गिऱ्हाईक सांभाळायचे. आज कामाचा पसारा बराच वाढलाय: पावसाच्या पाण्याच्या टाक्या, खताचे ड्रम, भाज्यांचे वाफे, छोटे सोलर संच आणि जोडीला दुरुस्तीचे वर्ग. आपल्या घरातलं जमेल तेवढं आपण भागवावं असं ज्यांना वाटतं, ती माणसं आमच्याकडे येतात.

हे वळण आम्ही ठरवून घेतलं नाही, गिऱ्हाइकांनी घ्यायला लावलं. वस्तू टाकून निघून जाण्याऐवजी काही जण थांबून बघायला लागले. "ताई, भाऊंना सांगा ना, जरा सावकाश करा. पुढच्या वेळी माझं मीच करीन." दुरुस्तीवाल्याला हे ऐकून धडकी भरायला हवी. मला उलट त्यात धंदा दिसला. गळका नळ वर्षातून एखाद्या वेळी आपल्याकडे येतो, पण नळ स्वतः दुरुस्त करणारा माणूस हत्यारं घ्यायला, सुटे भाग विचारायला आणि पुढचं काही शिकायला पुन्हा पुन्हा येतो.

पहिला वर्ग नळाचाच घेतला आणि आजही नवीन माणसाला आम्ही तिथूनच सुरू करतो. नळ दुरुस्त करायच्या आधी गळती मोजायची. थेंबांखाली भांडं ठेवा, तासाभराने मोजपात्रात ओता, आकड्याला 24 ने गुणा. तासाला अर्धा लिटर म्हणजे दिवसाला 12 लिटर. मग अँगल कॉक, म्हणजे नळाकडे येणारं पाणी अडवणारी छोटी चावी, बंद करायचा, नळ उघडून आत अडकलेलं पाणी सोडून द्यायचं, मूठ काढायची आणि पान्याने स्पिंडल (मुठीखालचा फिरणारा दांडा) सैल करून बाहेर घ्यायचा. तळाशी झिजून चपटा झालेला वायसर दिसतो. तो हातात घेऊन लोक आधी त्याच्याकडे बघतात, मग आमच्याकडे. एवढ्यासाठी इतके महिने टपटप ऐकत होतो? नवा वायसर बसवला, नळ बंद केला, पुन्हा तासभर भांडं ठेवलं आणि भांडं कोरडं राहिलं की त्या माणसाच्या हातून एक ध्येय पुरं झालेलं असतं. सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा आणि मधलं काम, तिन्ही त्याने स्वतः पाहिलेलं असतं.

पंचाईत त्यानंतर सुरू होते. नळ जमला की माणसाला एकदम सगळंच हवं असतं. "आता पूर्ण स्वावलंबी व्हायचंय. पाणी आपलं, वीज आपली, भाजी आपली. काय काय लागेल ते सांगा." अशा माणसाला सगळा संच विकणं सोपं असतं. पण तो संच सहा महिन्यांत गच्चीवर धूळ खात पडतो आणि मालक आमच्या दारावरून मान खाली घालून जातो. म्हणून आमच्याकडे नियम आहे: वहीशिवाय ऑर्डर नाही. एक साधी वही, चार रकाने: पाणी, वीज, कचरा, वेळ. आधी काही दिवस फक्त नोंदी करायच्या आणि काहीही बदलायचं नाही. बादल्या मोजा, मीटरचा आकडा रोज एकाच वेळी लिहा, ओला कचरा वजन करून टाका. चौथ्या रकान्यात आपल्याकडे खरोखर मोकळा असलेला वेळ लिहा. हा रकाना भरताना सगळ्यांचीच तारांबळ उडते.

वहीचा उपयोग कसा होतो ते पाण्यावरून सांगते. निवृत्त झालेले एक काका आले होते. घरात चार माणसं. बाहेरचं पाणी बंद करून वर्षभर पावसाच्या पाण्यावर राहायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. छप्पर मोजलं, 50 चौरस मीटर भरलं. इथलं गणित शाळेतलंच आहे: एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी. म्हणजे 10 मिलिमीटरच्या सरीत या छपरावर 500 लिटर पडतात. छपरात मुरणारं, उडणारं आणि सुरुवातीला छपराची घाण धुऊन येणारं, सोडून द्यायचं पाणी वजा केलं तर हाताशी 400 च्या आसपास धरावेत. काका खुश. मग वापराची बाजू मांडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मूलभूत गरजांसाठी माणशी रोज 50 ते 100 लिटर लागतात. खालचा आकडा धरला तरी चौघांना 200. हजार लिटरची टाकी पाच दिवसांत रिकामी. कोरडे चार महिने काढायचे तर 24,000 लिटर साठवायला हवेत, आणि पाण्याचं वजन लिटरला एक किलो, म्हणजे 24 टन. हे गच्चीवर ठेवायचं म्हटलं तर आधी इमारतीच्या इंजिनिअरला विचारावं लागेल.

"मग टाकी घ्यायचीच नाही का?" काकांचा चेहरा उतरला.

"घ्यायची की. पण कशासाठी, ते ठरवून घ्या, काका."

वही उघडली. झाडं, फरशी आणि गाडी धुणं मिळून रोजचे 40 लिटर निघाले. हजार लिटरची टाकी त्यांना पंचवीस दिवस पुरते, आणि पावसाळ्यात ती पुन्हा पुन्हा भरते. काकांचं ध्येय तिथल्या तिथे बदललं: पावसाळाभर या तीन कामांना नळाचं पाणी वापरायचं नाही. ते त्यांनी पाळलं. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरी टाकी जोडून घेतली, तीही जमिनीवर. बाहेरचं पाणी त्यांनी आजवर तोडलेलं नाही आणि आता तसं काही बोलतही नाहीत.

विजेचं असंच. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीत कागदावर 1,200 वॉट-तास असतात, पण ती टिकवायची तर निम्म्याच्या वरच थांबावं लागतं. उरले 600. 9 वॉटचे चार एलईडी दिवे पाच तास लावले की 180 जातात, 30 वॉटचा कमी विजेचा एक पंखा रात्रभर आठ तास फिरला की 240. दोन्ही मिळून 420, म्हणजे आरामात भागतं. पण 2,000 वॉटचा गिझर तीच बॅटरी वीस मिनिटांच्या आत खाली आणेल. म्हणून "वीज आपली" हे ध्येय आम्ही कुणालाच लिहू देत नाही. "रात्रीचे दिवे आणि एक पंखा आपल्या विजेवर" हे लिहा. ते महिन्याभरात तपासता येतं.

भाजीच्या बाबतीत लोक फार भावुक असतात, त्यामुळे तिथे मी थोडी निष्ठुर होते. 100 ग्रॅम पालकात सुमारे 23 कॅलरी असतात. दिवसाला 2,000 कॅलरी पालकातून मिळवायच्या म्हटल्या तर एका माणसाला साडेआठ किलोहून जास्त पालक रोज खावा लागेल. वाफ्यांवर घर जगत नाही. वाफ्यातून ताजी पालेभाजी मिळते, हिरवी मिरची मिळते, आणि बाहेरून आणायचं थोडं कमी होतं. आठवड्यातून दोन वेळा घरची पालेभाजी, इतकं ध्येय चार हात लांब वाफ्याला पुरेसं आहे. त्यावर मग बी पेरायचं ते सगळं एका दिवशी नाही, दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं, नाहीतर एका आठवड्यात ढीग आणि मग महिनाभर काही नाही.

आता वेळेचा रकाना. माझ्या मते सगळा खेळ इथे ठरतो. माणूस पैशाचा अंदाज बऱ्यापैकी करतो, वेळेचा मात्र हमखास कमी धरतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये या सवयीबद्दल लिहिलं. पुढे 1994 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे 34 दिवस. सगळं बिघडलं तर? सुमारे 49. प्रत्यक्षात लागले सरासरी 55 हून जास्त. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमीच पडला. आमचे गिऱ्हाईक काही वेगळे नाहीत आणि आम्हीही नाही. त्यामुळे कुणी "रविवारी दोन तास देईन" म्हटलं की भाऊ वहीत त्या कामापुढे साडेतीन तास लिहितो, आणि ते साडेतीन तास खरंच मिळत नसतील तर काम छोटं करतो. दोन वाफ्यांऐवजी एक. लोक सुरुवातीला नाराज होतात. एक वाफा नीट चालला की दुसरा मागायला स्वतःच येतात.

खताच्या ड्रमने आम्हाला वेगळी गोष्ट शिकवली. ड्रम लावणं अवघड नाही. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट आकारमानाचा वाळका पाला किंवा भुसा घाला, हवा खेळती ठेवा, ओल बघा. ओल बघायची पद्धत अशी: मूठभर मिश्रण घट्ट पिळा. एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर वाळका पाला वाढवा, मुठीत भुगाच झाला तर पाणी शिंपडा. वर्गात हे प्रत्येकाला हाताने करायला लावतो, कारण सांगून कळत नाही. अडचण येते ती रोजच्या रोज पाला टाकण्यात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला निम्म्या लोकांना 66 दिवसांहून जास्त लागले, पण माणसामाणसांतला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. एखाद्या दिवशी खाडा झाल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. हे कळल्यापासून आम्ही "एकवीस दिवसांत सवय" असलं काही बोलत नाही. ड्रम देताना एवढंच ठरवून घेतो की पाला कशाच्या मागोमाग टाकायचा. भांडी घासली की पाला, किंवा दार लावायला गेलं की पाला. आधीच रोज होणाऱ्या कामाच्या शेपटीला नवं काम बांधलं की ते टिकतं. वेळ घड्याळात बांधली तर बहुधा सुटते.

हाच हिशेब आम्ही आमच्या धंद्यालाही लावला. मोठी जागा घ्या, शाखा काढा, असा सल्ला देणारे बरेच भेटले. आम्ही एकच आकडा धरून चाललो: तीन महिन्यांचे पगार आणि भाडं हातात असल्याशिवाय नवं माणूस घ्यायचं नाही. त्यामुळे वाढ मंदच झाली. पण मागणी पडली त्या काळात कुणाचा पगार थांबला नाही आणि कर्जासाठी कुणाच्या पाया पडावं लागलं नाही. स्वावलंबन शिकवणाऱ्यांनी उसनवारीवर दुकान चालवावं, हे मला तरी बरं दिसत नाही. भावाचं मत जरा वेगळं आहे. त्याला अजून एक लेथ मशीन हवंय. त्याच्या वहीत ते लिहिलेलं आहे, समोर आकडा आणि महिना घालून.

काही गोष्टी आम्ही मुद्दाम शिकवत नाही. मेन बोर्ड उघडणं, गॅसची जोडणी, उंचावर दोरीशिवाय चढून करायची कामं. यांना परवानाधारक माणूस बोलवा. आपण काय करणार नाही, हेही वहीत पहिल्या पानावर लिहायला सांगतो. ज्यांनी ते लिहिलंय त्यांचे प्रश्न फार नेमके येतात. वायरमन आला की ते त्याच्या शेजारी उभे राहतात, काय बदललं ते विचारतात आणि तारीख टिपून ठेवतात. वर्षातून दोनदा लागणारं ड्रिल मशीन प्रत्येकाने विकत घेऊ नये म्हणून आम्ही हत्यारं भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्याने विक्री थोडी घटली, वर्ग मात्र भरले.

सध्या आम्ही सायकल आणि शिलाई मशीन दुरुस्तीचे वर्ग जमवतोय. शिलाई मशीनसाठी शिकवणारं माणूस मिळालंय, सायकलसाठी अजून शोधतोय. नवीन कुणी यायचं ठरवत असेल तर पहिल्या भेटीला हत्यारं आणायची गरज नाही. मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं आणा आणि छपराची लांबी-रुंदी लिहून आणा. टेप नसेल तर पावलांनी मोजलेली चालेल, तुमच्या घरी आलो की टेप आम्ही लावतोच.