आमची वाटचाल : टेस्ट बेंचपासून द्राक्षबागेतील ट्रॅक्टरपर्यंत

सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या वडिलांनी वर्कशॉप टाकले तेव्हा तेथे एकच काम चालत असे. ट्रक आणि मोठ्या ट्रॅक्टरचे डिझेल पंप टेस्ट बेंचवर, म्हणजे तपासणीच्या यंत्रावर, चढवून त्यांचे कॅलिब्रेशन करायचे, म्हणजे ते नेमके किती डिझेल सोडतात ते जुळवायचे, आणि इंजिनात डिझेल फवारणारे नोझल तपासून द्यायचे. आज आमचे बरेचसे उत्पन्न बागेतील छोट्या ट्रॅक्टरना दुसरे इंजिन बसवण्याच्या, म्हणजेच रिपॉवरच्या, कामातून येते. थंडीच्या पहाटे चालू न होणाऱ्या इंजिनांनीच आम्हाला या कामाकडे ओढले.

तासगाव, पलूस, मिरज आणि कवठेमहांकाळ या भागांतील द्राक्षबागांत दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर नीट वळत नाही, म्हणून तेथे अरुंद बांध्याचे छोटे ट्रॅक्टर चालतात. ब्लोअर, म्हणजे औषध फवारण्याचे यंत्र, ओढून ओढून त्यांचे इंजिन थकते. मात्र गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि पीटीओ (मागच्या अवजाराला फिरती शक्ती देणारा दांडा) पुष्कळदा ठणठणीत असतात. जुन्या इंजिनाचे सुटे भाग मिळेनासे झाले की चांगला सांगाडा भंगारात घालण्यापेक्षा त्यावर दुसरे इंजिन चढवणे परवडते. अडॅप्टर प्लेट (नवे इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणारी पट्टी), क्लच आणि अलाइनमेंट (दोन्ही एका रेषेत आणणे) ही कामे कष्टाची असली तरी कसलेल्या टर्नरच्या हातची आहेत. नोंदणी प्रमाणपत्रावर नव्या इंजिनाचा क्रमांक चढवून घेणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आवश्यक असल्याने, परिवहन कार्यालयाची परवानगी पाहिल्याशिवाय आम्ही कामाला हात लावत नाही.

खरी परीक्षा ऑक्टोबर छाटणीनंतर सुरू होते. फुटवे कोवळे असताना रात्री पावसाची सर येऊन गेली की डावण्या (डाउनी मिल्ड्यू) या बुरशीरोगाच्या भीतीने शेतकरी उजाडण्यापूर्वीच ब्लोअर जोडतो आणि त्या वेळी ट्रॅक्टर लागला नाही तर अर्ध्या दिवसाचा उशीरही बागेला भोवू शकतो. पुढे डिसेंबरात पारा 10 अंशांच्या आसपास उतरला की तक्रारी वाढतात. तक्रारीचे वाक्य मात्र ठरलेले असते : ‘पंप गेला.’

पंपाच्या दुरुस्तीवर पोट भरणाऱ्याने हे लिहावे याचे काहींना नवल वाटेल, पण केवळ थंडीत अडणाऱ्या इंजिनात पंप हा सर्वांत शेवटचा संशयित असतो, असे आमचे ठाम मत आहे. पंपातील प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या) आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) यांच्यात अवघ्या काही मायक्रॉनची फट असते. ती झिजून वाढली की स्टार्टरच्या मंद फेऱ्यांवर डिझेल नोझलकडे जाण्याऐवजी त्या फटीतून मागे गळते. पण गरम डिझेल पातळ होऊन अधिक गळत असल्याने हा दोष प्रथम दिसतो तो दुपारी, इंजिन तापलेले असताना. म्हणून आम्ही शेतकऱ्याला आधी विचारतो की जेवायला बंद केलेला ट्रॅक्टर पुन्हा लगेच लागतो का. तो लगेच लागत असेल, तर पंप सोडवण्याआधी दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवर, सुरू होताना इंजिनातील हवा तापवणाऱ्या हीटर प्लगमध्ये, बॅटरीच्या जोडणीत किंवा कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे सिलिंडरात हवा दाबली जाण्यात, शोधावा.

टाकीपासून पंपापर्यंतची वाट हा रिपॉवरचा खास दुखरा भाग आहे. मूळ ट्रॅक्टरची टाकी अनेकदा उंचावर असते आणि डिझेल आपल्या वजनाने खाली उतरते. नवे इंजिन उंच निघाले, रेडिएटर आणि एअर क्लीनरने बॉनेटखालची जागा व्यापली, की फॅब्रिकेटर टाकी काढून ती आसनाखाली बसवतो. तेव्हापासून पंप वर आणि टाकी खाली अशी स्थिती होते. टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा फीड पंप चांगला असेल तर इंजिन चालू असताना काहीच जाणवत नाही. परंतु रात्रभर ट्रॅक्टर उभा राहिला की एखाद्या जुन्या तांब्याच्या वॉशरमधून किंवा सैल क्लिपमधून हवा आत शिरते आणि नळीतील डिझेल हळूहळू टाकीत परत उतरते. त्या जागी डिझेलचा थेंबही दिसत नाही, कारण तेथून गळती बाहेर होत नसून हवा आत ओढली जात असते, आणि त्यामुळेच कसलेला मेकॅनिकही येथे चकतो.

ही हवा पाहण्यासाठी आम्ही फिल्टरच्या अलीकडे पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता जोडून ठेवतो. संध्याकाळी ती नळी डिझेलने भरलेली असते. सकाळी तिच्यात वरच्या बाजूला बोटभर पोकळी दिसली किंवा स्टार्टर मारताच मण्यांच्या माळेसारखे बुडबुडे सरकू लागले, की निदान झाले. मग सर्व वॉशर नवे घालायचे, नळी शक्य तितकी आखूड आणि चढउतार नसलेली ओढायची, टाकीजवळ एकेरी वॉल्व्ह बसवायचा आणि गरज असेल तरच इलेक्ट्रिक फीड पंप लावायचा. थेट इलेक्ट्रिक पंप लावून मोकळे होणारे वर्कशॉपवाले आहेत. पण हवा ओढणारा सांधा तसाच ठेवून वर पंप लावणे आम्हाला पटत नाही.

तीन सिलिंडरच्या छोट्या आयडीआय इंजिनांत, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरात न फवारता आधी एका लहान पूर्वकक्षात फवारणाऱ्या इंजिनांत, आणखी एक अडचण असते. कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) 21 ते 23 च्या दरम्यान असूनही पूर्वकक्षाच्या गार भिंती हवेतील उष्णता शोषून घेतात, म्हणून तेथे हीटर प्लग अपरिहार्य आहेत. प्रत्येक प्लग साधारण 10 अँपिअर प्रवाह घेतो, आणि तिन्हींचा भार जुन्या चावीच्या स्विचमधून बारीक वायरीने नेला तर प्लग लाल होण्याआधी स्विचच तापतो. त्यासाठी स्वतंत्र रिले (मोठा प्रवाह पेलणारा विद्युत स्विच) आणि जाड वायर हवी. अर्थिंगकडे तर जवळजवळ कोणी पाहत नाही. नवे इंजिन रबर माउंटिंगवर बसलेले, चॅसिसला ताजा रंग दिलेला आणि अर्थची पट्टी त्या रंगावरच आवळलेली, असे ट्रॅक्टर आमच्याकडे नेहमी येतात. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांमध्ये मल्टिमीटर धरावा. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर मोठी बॅटरी घेण्याचा सल्ला देणाऱ्याचे न ऐकता आधी रंग खरवडून पट्टी थेट ब्लॉकला जोडावी.

पेट्रोल इंजिनाची कामे आमच्याकडे थोडी येतात. त्यांतील पेट्रोल ओढणारा पल्स पंप क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या पेटीतील) दाबाच्या चढउतारावर चालतो, म्हणून त्याची पल्स नळी आखूड आणि जाड भिंतीची असावी. मऊ, लांब नळी स्टार्टरच्या वेगावरील क्षीण पल्स वाटेतच गिळून टाकते. आपल्याच जिल्ह्यातील उसापासून बनलेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत असते. त्याच्या बाष्पीभवनाला अधिक उष्णता लागते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणून पंपातील जुना डायफ्रॅम (लवचिक पडदा) आम्ही दुरुस्त न करता बदलतो.

इंजिन पटकन पेटावे म्हणून फवारायच्या इथरच्या स्टार्टिंग स्प्रेचे डबे आम्ही दुकानात ठेवत नाही. तापलेल्या हीटर प्लगवर इथर पडले तर ते वेळेआधीच पेट घेते आणि पिस्टनच्या रिंगा किंवा लँड (रिंगांच्या खाचांमधील कडा) तुटण्याची शक्यता असते. रिपॉवर केलेला ट्रॅक्टर देण्यापूर्वी तो रात्रभर वर्कशॉपबाहेर उघड्यावर उभा करायचा, सकाळी मालकाने स्वतः येऊन चालू करायचा आणि बाकीची रक्कम त्यानंतरच द्यायची, हा आमचा नियम आहे. उन्हाळ्यात दिलेल्या ट्रॅक्टरची हीच तपासणी आम्ही डिसेंबरात मालकाच्या वस्तीवर जाऊन पुन्हा विनामूल्य करतो, कारण मे महिन्यातील पहाट या कामासाठी पुरेशी गार नसते.