दोन नोव्हेंबरची गुरुवार पेठ

पहाटे साडेपाचची एसटी धरली. घोडनदीच्या पुलावर उजाडलं आणि शिरूरला चहा झाला. मांडीवरच्या पिशवीत आईने बांधून दिलेलं हुलग्याचं पीठ होतं. दर खेपेला ती मावशींसाठी हे पीठ द्यायची, कारण पुण्यात राहून पन्नास वर्षं झाली तरी मावशींना शेंगोळी नगरच्याच पिठाची लागायची. फेब्रुवारीत मावशी गेल्या, तरीही आईने पीठ दिलं. मीही काही न बोलता घेतलं.

मावशी माझ्या सख्ख्या नव्हेत. २००६ ते २००८ मी पुण्यात शिकत होते, तेव्हा गुरुवार पेठेत त्यांच्या घरच्या पुढच्या खोलीत राहायचे. आम्ही हिंदू, त्या ख्रिस्ती. भाडं ठरवायला आलेल्या माझ्या बाबांना त्यांनी दोन्ही हात जोडून ‘सलाम’ केला होता. नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरांतला हा नमस्कार बाबांच्या ओळखीचा होता. त्यांनीही सलाम केला आणि भाड्याचं बोलणं दोन मिनिटांत संपलं.

वाघोलीपासून गाडी रांगतच होती. शिवाजीनगरला उतरून रिक्षाने मंडईत आले आणि पांढरी नि पिवळी शेवंती घेतली. तिथून पुढे मुद्दाम चालत निघाले. पेठेतल्या गल्लीत शिरलं की कुठल्या तरी वळणावर इमारतींच्या वर पंचहौद मिशनच्या चर्चचा उंच घंटामनोरा दिसतो. मनोरा दिसला की घर आलं, ही माझी तेव्हाची खूण अजून तशीच आहे.

हे चर्च म्हणजे पवित्र नाम देवालय, १८८५चं. पंचहौद मिशन म्हटलं की पुणेकराला आधी चहा आठवतो. १८९० साली इथे झालेल्या सभेत टिळक, रानडे आदी मंडळींपुढे मिशनऱ्यांच्या हातची चहा-बिस्किटं आली, त्यावरून शहरभर गदारोळ उठला आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. आपण तो किस्सा सांगतो आणि पुढे निघतो. त्या आवाराच्या आसऱ्याने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ माणसं जगली, लग्नं झाली, बारशी-बाप्तिस्मे झाले, हे कुणी सांगत नाही. मी सांगते आहे ते अशाच एका बाईबद्दल.

मावशी नेवासे तालुक्यातल्या. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं आणि तिकडची उपासना अगदी साधी: गीतं, शास्त्रवाचन, उपदेश, प्रार्थना. लग्न होऊन त्या पंचहौदात आल्या तर इथे धूप, मेणबत्त्या आणि गुडघे टेकणं. “मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच धर्मात आले,” असं त्या सांगायच्या. सासूबाईंनी एकेक गोष्ट हळूहळू समजावली. एक मात्र त्यांना पटेना, ते म्हणजे दोन नोव्हेंबर. या दिवशी घरोघरची माणसं दफनभूमीत जाऊन कबरी धुतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात आणि मृतांसाठी प्रार्थना करतात. माहेरची शिकवण वेगळी होती. गेलेलं माणूस प्रभूजवळ पोहोचलं, आता त्याच्यासाठी काय मागायचं?

मग त्यांची पहिली मुलगी अकरा महिन्यांची होऊन तापाने गेली. त्या वर्षी दोन नोव्हेंबरला सासूबाईंच्या आधी मावशी तयार होत्या. मी एकदा धीर करून विचारलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या, “मी तिच्यासाठी प्रार्थना करत नाही गं. तिच्याशेजारी बसून करते.”

त्यांच्याबरोबर एकदा केडगावलाही गेले होते, दौंडच्या गाडीने. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. १८८२ साली विधवा रमाबाई तान्ह्या मनोरमेला घेऊन पुण्यात आल्या. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्याच वाँटेजच्या ख्रिस्ती धर्मभगिनींचं काम पंचहौदात होतं, त्यामुळे मावशींना रमाबाई शेजारच्या वाटत. त्यांची विद्वत्ता, भाषणं, बायबलचं मराठी भाषांतर यांवर त्या फारशा बोलल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की मनोरमा २४ जुलै १९२१ला गेली आणि आई ५ एप्रिल १९२२ला. मग बोटांवर महिने मोजले. “साडेआठ महिने. तेवढ्यात बाईंनी भाषांतराचं काम सोडलं नाही बघ.” परतीच्या गाडीत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या, मीही काही विचारलं नाही.

घरी दादांनी, मावशींच्या मुलाने, दार उघडलं. वहिनींनी पिठाची पिशवी घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या डोळे पुसले. काकांची खाट असायची त्या कोपऱ्यात आता शिलाई मशीन आहे. काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. अर्धांगवायू झाल्यावर नऊ वर्षं ते अंथरुणावर होते आणि त्यातली दोन मी पाहिली. दर दोन तासांनी मावशी त्यांची कूस बदलायच्या, रात्रीसुद्धा. उशाशी गजराचं घड्याळ असायचं. अभ्यासाला जागी असले की भिंतीपलीकडून आधी गजर, मग खाटेची कुरकुर आणि मग मावशींच्या हलक्या आवाजातलं बायबलमधलं तेविसावं स्तोत्र ऐकू यायचं. नऊ वर्षांत काकांच्या पाठीला एक जखम झाली नाही. मी पुढे आजारी माणसांच्या घरांतून काम केलं, म्हणून मला कळतं की हे किती अवघड आहे.

दादांनी मावशींची प्रार्थनेची वही दाखवली. डाव्या बाजूला मागणं नि तारीख, उजव्या बाजूला ते पूर्ण झाल्याची तारीख. दादांची नोकरी, वहिनींचं बाळंतपण, गल्लीतल्या कुणाचं घर, माझी परीक्षा. उजवीकडे तारखा होत्या. काकांच्या बरं होण्याचं मागणं मात्र दर वर्षाच्या पहिल्या पानावर नव्याने लिहिलेलं, नऊ वेळा, आणि उजवी बाजू नऊही वेळा कोरी. त्या कोऱ्या जागेत त्यांनी स्वतःच्या समाधानासाठी एक शब्दही भरला नाही. मला त्यांची श्रद्धा सगळ्यांत जास्त तिथे दिसली.

शेवटी मूत्रपिंडं गेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस, दर वेळी चार तास. रविवार मोकळा राहतो म्हणून त्या खूश होत्या. शेवटच्या रात्री त्यांनी प्रभुभोजन, म्हणजे भाकर नि द्राक्षारसाचा संस्कार, मागितलं. पाळक धावत आले, पण त्या मोठ्या रुग्णालयात भेटीची वेळ संपली होती आणि अतिदक्षता विभागात कुणी आत सोडलं नाही. सगळे खाली बाकावर बसून राहिले. पहाटे चारला मावशी गेल्या. वय ७२. हे सांगताना दादांचा आवाज चढला आणि माझाही. पाच मिनिटांनी कुणाचं काय बिघडलं असतं?

दुपारी उशिरा आम्ही दफनभूमीत गेलो. फाटकाबाहेर फुलांचे, मेणबत्त्यांचे विक्रेते बसलेले. आत लोकांनी कबरींवर पाकळ्यांचे क्रूस काढलेले, मुलं मेणबत्त्या मोजत होती. मावशींना काकांच्याच कबरीत ठेवलंय. जागा कमी असल्याने घरच्या कबरी पुन्हा उघडतात. फरशीवर काकांच्या नावाखाली त्यांचं नाव नव्याने कोरलंय, अक्षरांतला काळा रंग अजून ताजा वाटतो. पाळकांनी प्रार्थना केली, जमलेल्यांनी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक गीत म्हटलं. मला चाल येत होती, भिंतीपलीकडून ऐकलेली.

शेजारी ती हातभर लांबीची कबर. मावशी दर वर्षी काथ्या आणि साबणाची वडी घरून आणायच्या आणि ती स्वतः घासायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. यंदा वहिनींनी आठवणीने दोन्ही आणलं होतं. दादांची मुलगी आठवीत आहे. तिने बाही वर सारली, मी पदर खोचला. पावसाळ्याचं शेवाळ कोपऱ्यात घट्ट बसलं होतं. बादलीतलं पाणी संपल्यावर ती नळाकडे पळाली आणि मी घासत राहिले.