मॅनिंगट्री ते डेडम: स्टूर नदीच्या काठाकाठाने

लंडनला मुलांकडे आलेल्या आई-बाबांना इंग्लंडचं खेडं दाखवायचं ठरलं की बहुतेक घरांत गाडी कॉट्सवोल्ड्सकडे वळते आणि निम्मा दिवस पार्किंग शोधण्यात जातो. माझी शिफारस वेगळी आहे. लंडनच्याच लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून नॉरिचच्या दिशेची गाडी पकडा आणि साधारण तासाभराने मॅनिंगट्रीला उतरा. तिघे ते नऊ जण एकत्र असाल तर गर्दीच्या वेळा सोडून ग्रुपसेव्हची एक तृतीयांश सवलत मिळते. स्टेशनाच्या आवारातूनच फ्लॅटफर्डच्या पायवाटेची पाटी लागते, म्हणजे पुढे बस-टॅक्सीची भानगड नाही.

हा डेडम व्हेलचा, म्हणजे डेडमच्या खोऱ्याचा भाग. 1970 साली त्याला संरक्षित निसर्गप्रदेशाचा दर्जा मिळाला. स्टूर नदी हीच दोन परगण्यांची हद्द आहे, दक्षिणेला एसेक्स आणि उत्तरेला सफोक. मॅनिंगट्री ते फ्लॅटफर्ड सुमारे 3 किलोमीटर, तिथून डेडम अडीच. परतताना ईस्ट बर्गहोल्ट गावावरून वळसा घेतला तर सगळं मिळून 12-13 किलोमीटर होतात. सपाटीवरचं अंतर म्हणून हे तीन तासांत उरकेल असं धरू नका. चिखल, फाटकं आणि चहा धरून पाच तास ठेवा.

चढ जवळपास नाही, म्हणून वाट सोपी म्हणायची. ती बिघडते ती पायाखालच्या मातीमुळे. नदीकाठची कुरणं सखल आहेत आणि हिवाळ्यात त्यांवर पाणी चढतं. पूर ओसरला तरी चिकण माती आठवडाभर बुटाला धरून बसते. सगळ्यात वाईट चिखल फाटकापाशी आणि गुरांच्या पाण्याच्या हौदाशी असतो, कारण गुरं तिथेच घोळका करून उभी राहतात आणि खुरांनी जमीन कालवतात. मधून घुसण्यापेक्षा कुंपणाच्या कडेने, गवताच्या बुडख्यांवर पाय देत जावं. घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ बूट हवेतच. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही, तेव्हा पातळ सिंथेटिक पँट बरी. साडी नेसणाऱ्यांनी एक दिवस पंजाबी ड्रेसवर भागवावं. छत्रीऐवजी रेनकोट घ्या. उघड्या कुरणातला वारा छत्री उलटी करतो.

पहिल्या टप्प्यात कॅटवेडजवळ बंधारा लागतो. त्याच्या खालच्या अंगाला भरती-ओहोटीची खाडी, वरच्या अंगाला गोडं पाणी. इथून नदी उजव्या हाताला ठेवून एसेक्सच्या काठाने चालत राहिलं की फ्लॅटफर्डचा लाकडी पूल येतो. पूल ओलांडला की गवती छपराचं ब्रिज कॉटेज आणि जरा पुढे फ्लॅटफर्ड मिल. चित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांच्या वडिलांची ही गिरणी. कॉन्स्टेबल 1776 साली ईस्ट बर्गहोल्टमध्ये जन्मले आणि याच दोन-तीन मैलांच्या पट्ट्यावर त्यांनी आयुष्यभर चित्रं काढली. आता ही जागा नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेकडे आहे. चहा, केक आणि स्वच्छतागृह इथे उरकून घ्या.

पुलाजवळचं लॉक, म्हणजे बोटी वरच्या-खालच्या पातळीवर नेण्यासाठी दारं लावलेली पाण्याची कोठी, घाईत चुकवू नका. 1705 च्या कायद्याने ही नदी बोटींच्या वाहतुकीला खुली झाली. सपाट तळाच्या होड्या घोडे ओढत. पण काठावरची कुंपणं शेतकऱ्यांची, त्यामुळे घोड्यांना ती उडी मारून ओलांडायला शिकवत. ओढायची वाट पलीकडच्या काठावर गेली की घोडा होडीत चढून पार व्हायचा.

इथून डेडमला जायला पूल पुन्हा ओलांडून एसेक्सच्या काठावर या आणि उजवीकडे वळा. नदी आता परत उजव्या हाताला. मध्ये फेन ब्रिज नावाचा लाकडी पादचारी पूल दिसेल. तो आत्ता ओलांडायचा नाही, पण नीट पाहून ठेवा, परतताना लागणार आहे.

या कुरणांत गुरं चरत असतात आणि आपल्या लोकांची चूक इथेच होते. गाय दिसली की पाठीवर हात ठेवून नमस्कार करायची आपली सवय. इथे ती आवरा. वासरू सोबत असलेली गाय अंगावर येऊ शकते. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जायचं नाही. लांबून, न पळता वळसा घालायचा. तरणी गोऱ्ही-कालवडं नुसत्या कुतूहलाने मागे मागे येतात. थांबून त्यांच्याकडे तोंड केलं आणि हात पसरले की बहुधा तीही थांबतात. वळूबद्दल कायदा आहे. ज्या शेतातून सार्वजनिक वाट जाते तिथे दहा महिन्यांवरचा, होल्स्टाइन किंवा जर्सीसारख्या दुभत्या जातीचा वळू सोडायला बंदी आहे. इतर जातींचा वळू गायी-कालवडींबरोबर असेल तर चालतो.

दुसऱ्याच्या शेतातून असं बिनदिक्कत कसं चालायचं, हा प्रश्न पडणारच. या वहिवाटीच्या वाटा आहेत आणि कायद्याने नोंदलेल्या आहेत. खांबावर पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे घोडा आणि सायकललाही परवानगी. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचा एक्सप्लोरर 196 हा नकाशा घ्या. 1:25,000 प्रमाण, म्हणजे 4 सेंटिमीटरला 1 किलोमीटर, आणि वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या. फोनवर वापरणार असाल तर घरूनच उतरवून ठेवा. वाट शेताच्या मधून जात असेल तर शेतकरी ती नांगरू शकतो, पण पेरणीसाठी पहिल्यांदा मोडल्यावर 14 दिवसांत आणि त्यानंतर प्रत्येक वेळी 24 तासांत त्याने ती किमान एक मीटर रुंद करून दिली पाहिजे. बांधाच्या कडेची वाट नांगरायला मुळीच परवानगी नाही. आपल्याकडचं कर्तव्य म्हणजे एकामागे एक चालणं आणि फाटक जसं सापडलं तसं सोडणं. उघडं होतं तर उघडंच, कारण आतल्या गुरांना कदाचित पलीकडचा हौद हवा असतो.

मे-जूनमध्ये रेपसीडचं, म्हणजे मोहरीच्या जातीतलं पिवळं पीक छातीपर्यंत वाढून वाटेवर आडवं होतं आणि पाऊस पडून गेल्यावर त्यातून जाणं म्हणजे अंघोळच. नेटल या आग करणाऱ्या रानझाडाचा चटका बसला तर चोळू नका, तासा-दोन तासांत उतरतो. उंच गवतातून आल्यावर गुडघ्यामागे गोचीड पाहावी. उन्हाळ्याच्या शेवटी इंग्लंडच्या नद्यांकाठी गुलाबी फुलांची दाट झाडी दिसते. हा आपल्या तेरड्याचाच हिमालयी भाऊबंद, 1839 मध्ये बागेसाठी आणलेला. इथे तो उपद्रवी ठरला आहे. थंडीत मरून जातो आणि उघडा पडलेला काठ पाण्याने ढासळतो. पिकलेल्या शेंगा फोडून पाहायचा मोह टाळा, बी कुठल्या कुठे उडतं.

क्रिकेटवेड्यांसाठी खरी गंमत मात्र ओलसर कुरणांतल्या सरळसोट, एकसारख्या अंतरावर लावलेल्या झाडांच्या रांगांत आहे. ते बॅटचे विलो. इंग्लिश विलो म्हणून दुकानात ज्याची किंमत ऐकून वडील मागे सरतात, तो एसेक्स-सफोकच्या अशाच पाणथळ जमिनींत वाढतो. लांब दांडके जमिनीत रोवून लागवड करतात. पहिली काही वर्षं खोडावर फुटणारा प्रत्येक कोंब हाताने खुडतात, कारण फांदी राहिली की लाकडात गाठ येते आणि त्या फळीची बॅट होत नाही. साधारण 15 ते 20 वर्षांत झाड तोडणीला येतं. यातलं बरंच लाकूड फाकी करून मेरठ-जालंधरच्या कारखान्यांत पोचतं.

डेडममध्ये लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर उभं राहिलेलं चर्च आहे. त्याचा मनोरा कुरणातूनच दिसत असतो, त्यामुळे दिशा चुकत नाही. पबमध्ये जेवायचं असेल तर दोनच्या आत पोचा; दुपारी स्वयंपाकघर बंद झालं की चिप्ससुद्धा मिळत नाहीत. डबा नेलात तर उत्तम. धपाटे आणि लोणचं या हवेत छान टिकतात.

परतीला फेन ब्रिज ओलांडून फेन लेनने ईस्ट बर्गहोल्टला चढा. दोन्ही बाजूंनी झाडोऱ्याने झाकलेली ही पाणंद आहे. कॉन्स्टेबल शाळेसाठी डेडमला याच वाटेने जात. वरच्या चर्चचा मनोरा अर्धवटच राहिला, म्हणून 1531 पासून घंटा आवारातल्या लाकडी पिंजऱ्यात आहेत. पाच घंटा, दोरीशिवाय, माणसं थेट हाताने ढकलून वाजवतात. तिथून उतरत फ्लॅटफर्ड आणि आलेल्या वाटेने स्टेशन.

डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो, तेव्हा दहाच्या आत मॅनिंगट्रीला असा. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो, घाई नाही. रविवारी रुळांची कामं काढून गाड्यांऐवजी बस सोडतात, आणि मग तासाचे दोन तास होतात. आदल्या रात्री वेळापत्रक पाहा आणि शक्य असेल तर शनिवारच निवडा.