पंधरा सेकंदांचा मुखडा

१९९३ च्या उन्हाळ्यात जपानच्या टीव्हीवर पोकारी स्वेट या पेयाची एक जाहिरात लागायची. पडद्यावर इश्शिकी साए ही तेव्हाची कोवळी अभिनेत्री, हातात पेयाचा निळा-पांढरा कॅन आणि मागे झार्ड या बँडचं ‘युरेरु ओमोइ’ हे गाणं. झार्ड म्हणजे मुख्यतः साकाई इझुमी. आवाज तिचा, शब्दही तिचेच. चाल ओदा तेत्सुरो या संगीतकाराची.

मी सांगलीत विश्रामबागला हार्मोनियम आणि कीबोर्ड शिकवते. कुठलंही गाणं कानावर पडलं की माझं पहिलं लक्ष जातं ते मुखड्याकडे. या गाण्यात मुखडा आधी येतो, अंतरा मागून. शीर्षकाचे शब्द हेच गाण्याचे पहिले शब्द. पहिल्या ओळीतच सूर वर झेपावतो आणि तुम्हाला घेऊन जातो. तिथल्या टीव्हीवर जाहिरातीला बहुतेक वेळा पंधरा सेकंद मिळतात, फार तर तीस. तेवढ्यात ऐकणाऱ्याला पकडायचं तर चालीला दम खायला वेळच नाही. आणि तरीही ते गाणं जाहिरातीपुरतं उरलं नाही, त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या.

पोकारी स्वेटच्या गाण्यांची ती अख्खी माळच ऐकण्यासारखी आहे. १९९२ साली ओदाने स्वतः गायलेलं ‘इत्सुमादेमो कावारानु आइ ओ’, पुढच्या वर्षी झार्ड, १९९४ मध्ये डीन या बँडचं ‘हितोमी सोरासानाइदे’, १९९५ मध्ये फील्ड ऑफ व्ह्यूचं ‘तोत्सुझेन’. चारही चाली ओदाच्या आणि शेवटच्या दोन गाण्यांचे शब्द पुन्हा साकाई इझुमीचे. गायक बदलले, पण चार उन्हाळे एकच माणूस चाली देत होता. म्हणूनच त्यांना एका घराण्याचा वास येतो.

माझ्या क्लासला येणाऱ्या एका मुलीला ॲनिमेची, म्हणजे जपानी कार्टूनची, गाणी वाजवायची असतात. तिच्यामुळेच मी या जाहिरातींपर्यंत पोचले. एकदा तिने विचारलं, “ताई, सरबत विकायला एवढं चांगलं गाणं कशाला करायचं?” प्रश्न बरोबर होता. व्यवहार असा की पेयाच्या कंपनीला नवंकोरं गाणं मिळतं आणि गायकाला दिवसातून कित्येकदा घराघरांत जागा. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत गाण्याचं आणि गायकाचं नावही येतं. उन्हाळ्याच्या तोंडावर पेय आणि गाणं जोडीनेच बाजारात उतरतात. पण व्यवहार कळला म्हणून चाल कळत नाही. त्या मुलीला मी उत्तर दिलं ते मिरजेचं.

मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. दरवर्षी दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते आणि मी जमेल तेव्हा जाते. तासतासभर राग मांडणारा हा माणूस तबकडीवर गायला तेव्हा एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. तेवढ्यात त्यांची झिंझोटीतली ठुमरी पूर्ण होते, काही राहून गेलं असं वाटतच नाही. आपलं भावगीतही त्याच तीन मिनिटांच्या तबकडीत वाढलं. वेळ कापून दिला की चांगला संगीतकार पहिल्या सुरापासून नेमका होतो. तबकडीने आपल्याकडे जे केलं तेच पंधरा सेकंदांनी जपानच्या गाण्याला केलं, असं मला ठामपणे वाटतं.

याचा सगळ्यात सुंदर दाखला पोकारी स्वेटच्या त्या गाण्यांच्याही आधीचा, १९७३ चा. ओताकी एइइची हा हॅपी एंड या बँडमधला गायक. बँड फुटला आणि त्याने मित्सुया सायडर या सोड्यासाठी ‘सायडर ७३’ केलं. एकाच्याच आवाजाचे थर एकावर एक चढवलेत. लाटा येऊन फुटाव्यात तसे ते थर येतात आणि कान थंड होतात. त्याने जाहिरातीचं काम दुय्यम मानलं नाही. पुढच्या वर्षांतही तो सायडरची गाणी करत राहिला आणि १९७७ मध्ये जाहिरातींच्या गाण्यांचा स्वतंत्र अल्बम काढला. हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडेही पेयाचं संगीत आहे. सांगली-मिरज रस्त्यावरच्या रसवंतीत एप्रिलच्या दुपारी जाऊन नुसतं ऐका. चरकाच्या चाकाला घुंगरू बांधलेले असतात. चाक मोकळं फिरतं तेव्हा ते हलक्या लयीत वाजतात, कांडं आत गेलं की लय जड होते, चिपाड बाहेर पडलं की पुन्हा मोकळी. आलं-लिंबू घालून दुसऱ्यांदा पिळताना वेगळाच ठेका पडतो. माझ्या क्लासमधली मुलं हा ठेका टेबलावर अचूक वाजवतात. फक्त त्यावर कुणी चाल बांधली नाही. आमच्या उसाच्या मुलुखात ती बांधली जावी अशी माझी फार इच्छा आहे.

आता २०११. त्या मार्चमध्ये जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी झाली आणि एप्रिलमध्ये सनटोरी या पेयांच्या कंपनीच्या जाहिराती लागल्या. त्यात बाटली नाही, ग्लास नाही, पेयाचं नाव नाही. एकाहत्तर गायक-अभिनेते एकामागून एक येतात आणि एकेक ओळ गातात. गाणी दोन, दोन्ही मुळात साकामोतो क्यू यांनी गायलेली. त्यातलं ‘उए ओ मुइते आरुको’ १९६१ चं. शब्द एइ रोकुसुके यांचे, चाल नाकामुरा हाचिदाइ यांची. १९६३ मध्ये ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेही जपानीतच. डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून वर बघत चालू या, एवढंच ते सांगतं. साकामोतो स्वतः १९८५ च्या विमान अपघातात गेले होते. त्यामुळे २०११ मध्ये ते गाणं इतक्या वेगवेगळ्या गळ्यांतून, कुणी पक्क्या सुरात तर कुणी बोलल्यासारखं, ऐकताना अंगावर काटा येतो. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलेलं आम्ही पाहिलंय. अशा वेळी पेय विकायचं थांबवून फक्त गाणं लावलं, याबद्दल मला त्या लोकांविषयी मनापासून आदर आहे.

‘उए ओ मुइते आरुको’ची सुरुवात मी मुलांना अशी लिहून दिली आहे: सा सा रे ग सा ध प, शेवटचे ध आणि प खालच्या सप्तकातले. भूप शिकलेल्या मुलाच्या बोटांना हे सूर लगेच सापडतात. मधल्या ओळींत मात्र भूप सुटतो आणि चाल जरा उदास होते. तिथे मुलं घाईने पुढे पळतात. म्हणून या महिन्यात आम्ही तेवढ्याच ओळी घेतोय. हार्मोनियमवर, काळी दोनमध्ये, भाता हलका ठेवून. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी वाजवून बघा आणि जमलं तर मला कळवा.