काट्याचं काय करता?

“कुत्रीला मासे घालता म्हणे. मग काट्याचं काय करता?” मासळीबाजारात, पशुवैद्यांच्या दारातल्या बाकावर, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांकडून, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हा प्रश्न आला आहे. तुम्हीही तोच विचारलात, म्हणून या वेळी सविस्तर सांगते. काटा मी काढत नाही. बोटांत धरला की चुरा होईल इतका शिजवते आणि माशाबरोबरच खायला घालते. माशात कुत्र्याच्या उपयोगाचं जे जे आहे, त्यात काटा अगदी वरच्या नंबरावर आहे.

काट्याची भीती खोटी नाही. सुरमईच्या मणक्याचा तुकडा किंवा तळलेल्या बांगड्याचा कडक काटा हिरडीत, घशात रुतू शकतो, आतड्यालाही इजा करू शकतो. म्हणून बरीच प्रेमळ माणसं काटे वेचून निव्वळ मांस भातात कालवतात आणि महिनोन्‌महिने तेच घालत राहतात. घोटाळा होतो तो इथेच. माशाच्या मांसात फॉस्फरस भरपूर असतो, कॅल्शियम मात्र नावापुरतं. कुत्र्याला दोन्ही लागतात आणि कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं. जेवणातून ते आलं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. मोठं कुत्रं हे बरेच महिने सोसतं, वरून काही कळत नाही. वाढत्या पिल्लाला तेवढी सवड नसते. त्याचे पाय वाकतात, साध्या उडीने हाड मोडतं. आणि हे अशा घरात घडतं, जिथे पिल्लाला पापलेट भरवलं जात असतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्या माणसांनी काळजी घेण्यात काहीच कसर ठेवलेली नसते.

आमची भुरी गावठी. वजन सोळा किलो, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेलं. आम्ही रत्नागिरीत राहतो, मिरकरवाडा बंदर जवळ, त्यामुळे हंगामात तारली आणि बांगडा परवडतो. तिच्यासाठी मी हे दोनच मासे घेते. दोन्ही लहान, थव्याने फिरणारे, समुद्रात तरंगणारे बारीक जीव, म्हणजे प्लवक, खाऊन वाढणारे. त्यामुळे त्यांच्या अंगात पारा फारसा साठत नाही. मोरी (शार्क), कुपा (टूना), मोठी सुरमई हे दुसऱ्या माशांवर जगणारे मासे. मासा जितका मोठा आणि वयस्क, तितका पारा जास्त. म्हणजे कुत्र्यासाठी महागडा मासा घेण्यात पैसेही जातात आणि हिताचंही काही होत नाही. शिवाय ज्या ओमेगा-३ साठी लोक तेलाच्या कॅप्सूल विकत आणतात, ते या दोन माशांत भरभरून आहे. पावसाळ्यानंतरच्या तारलीचा कुकर उघडला की पाण्यावर पिवळट तेलाचा जाड तवंग दिसतो. कोरड्या कातडीच्या, सांधे धरलेल्या कुत्र्यांना हे तेल मानवतं.

मासा ताजाच हवा, यावर मी अडून बसते. माझी नेहमीची मासेवाली भाभी वाटा लावतानाच विचारायची, “घरात की कुत्रीला?” कुत्रीला म्हटलं की बाजूला ठेवलेली नरम मासळी पुढे करायची. तिच्या परीने ती माझे पैसे वाचवत होती. पण तारली, बांगडा, कुपा या जातीचे मासे बर्फाविना उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं, आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. माणसाला त्याने त्रास होतो, तसा कुत्र्यालाही होऊ शकतो. डोळा स्वच्छ, कल्ले लाल, पोट घट्ट, हे आपल्यासाठी बघतो तेच तिच्यासाठी बघायचं. तारलीचं तर पोटच आधी फुटतं. फुटलेली दिसली की मी वाटा घेत नाही. भाभीला हे एकदा नीट समजावून सांगितलं. आता ती स्वतःच सांगते, “आज नको नेऊ.”

आता शिजवणं. तारलीची खवलं काढायची, पोट साफ करायचं, कल्ले उपटून टाकायचे. डोकं ठेवायचं. पाच लिटरच्या कुकरमध्ये किलोभर तारली आणि ती बुडून वर दोन बोटं राहील इतकं पाणी. मीठ नाही, तिखट नाही, तिरफळ नाही. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करायचा. तिथून तारलीला पाऊण तास, बांगड्याला सव्वा तास. लोकांना हा वेळ ऐकून आश्चर्य वाटतं, कारण आपल्या कालवणात बांगडा दहा मिनिटांत होतो. मांस होतं, काटा होत नाही. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही. कुकरमध्ये दाबामुळे ते १२० अंशांच्या आसपास पोचतं, आणि एवढ्या उष्णतेत बराच वेळ राहिल्यावर काट्याला धरून ठेवणारं कोलॅजन सुटतं. खाली राहतो तो नुसता खनिजांचा ठिसूळ सांगाडा. डबाबंद तारलीचे काटे आपण न काढता खातो, त्यामागेही हेच कारण आहे.

वाफ आपोआप जाऊ द्यायची. मग एक मासा ताटलीत घेऊन मधला कणा दोन बोटांत धरून दाबायचा. ओल्या खडूसारखा चुरला तर झालं. किंचितही टोचला तर पुन्हा थोडं पाणी घालून वीस मिनिटं. बांगड्याच्या डोक्यामागचं हाड आणि शेपटीचं मूळ सगळ्यात शेवटी मऊ होतं, म्हणून मी परीक्षा तिथेच घेते. पास झालं की सगळं पळीने घोटते आणि एकदा हाताने चाचपून बघते. डोळ्यांना न दिसणारं बोटांना कळतं. पाणी फेकायचं नाही, त्यात तेल उतरलेलं असतं. ते भातावर जातं. एक घरगुती सूचना: कुकरची एक जादा रिंग या कामासाठी वेगळी ठेवा. तारलीचा वास रबरात मुरतो आणि मग वरणाला येतो.

सुरमईचं किंवा दुसऱ्या मोठ्या माशाचं मांसच घालायची वेळ आली, तर काटे सगळे काढायचे आणि कॅल्शियम दुसरीकडून आणायचं. अंड्याची टरफलं धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरमधून अगदी बारीक पूड करायची. सहा ग्रॅम पुडीत साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. भुरीच्या वजनाच्या कुत्र्याला दिवसाला चहाचा अर्धा चमचा पुरतो. काट्यासकट तारली असेल त्या दिवशी हे लागत नाही.

किती घालायचं, हेही सगळे विचारतात. पशुवैद्य वापरतात तो हिशेब सोपा आहे. किलोतल्या वजनाचा घन करायचा, कॅल्क्युलेटरवर त्याचं दोनदा वर्गमूळ काढायचं आणि येईल त्याला ७० ने गुणायचं. ही निवांत पडून असलेल्या कुत्र्याची दिवसाची गरज कॅलरीत आली. ऑपरेशन झालेल्या, बेताचं फिरणाऱ्या घरच्या कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणायचं. सोळाचा घन ४०९६, दोनदा वर्गमूळ ८, गुणिले ७० म्हणजे ५६०, आणि शेवटी ८९६. माशाच्या दिवशी भुरीला साफ केलेली तारली ३०० ग्रॅम, शिजलेला भात २५० ग्रॅम आणि मूठभर लाल भोपळा किंवा दुधी उकडून, असं दोन वेळांत मिळून जातं. वर एखादं अंडं. हा आकडा सुरुवातीचा. पुढे फासळ्या हाताला लागतात की नाही आणि वजनकाट्यावर आकडा काय येतो, त्यावरून कमीजास्त करायचं.

पण मासा-भात म्हणजे पूर्ण जेवण नव्हे, हे मी प्रत्येकाला सांगते, कारण ऐकणारा नेमकं हेच सोडून बाकी सगळं लक्षात ठेवतो. त्यात जस्त फार कमी पडतं. जस्ताची उणीव पुढे नाकावर, डोळ्यांभोवती, पंजाच्या गाद्यांवर खपल्या होऊन दिसते. ई जीवनसत्त्वही कमी पडतं, आणि माशाचं तेल जितकं जास्त, तितकी त्याची गरज वाढते. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यकीय तज्ज्ञांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या होत्या. २०१३ साली निकाल छापून आला. ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी होता. म्हणून भुरीला मासा आठवड्यातून तीन-चार दिवसच, बाकीचे दिवस कोंबडी आणि थोडी कलेजी, आणि घरच्या जेवणासाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेली खनिज-जीवनसत्त्वांची पूड रोज. ती पूड महाग वाटते, पण ती वगळून केलेलं जेवण अर्धंच राहतं.

आपल्याकडे खरी सवय असते ती उरलेलं कालवण भातात कालवून कुत्र्यापुढे ठेवायची. आमच्या आजीच्या घरीही तेच होतं, आणि कुत्री जगायची, हे खरं. किती जगायची, हे कोणी मोजलं नाही. कालवणात कांदा-लसूण असतो, आणि तो कच्चा असो, शिजवलेला असो की वाटणात भाजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. परिणाम लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते. तोवर रविवारचं कालवण कोणाच्याच लक्षात नसतं. वाटण घालण्याआधी चार तुकडे बाजूला काढणं एवढंच करायचं असतं.

कच्चा मासा घालू नका. तारली-मांदेलीसारख्या काही माशांत कच्चेपणी थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. शिजवलं की त्याचा प्रश्न उरत नाही. जंतही मरतात. सिएटलला राहणाऱ्या माझ्या भाचीला हे दुप्पट बजावून सांगितलं आहे, कारण तिथल्या नद्यांतल्या कच्च्या सामन माशातल्या एका कृमीतून कुत्र्यांना जो आजार होतो, तो उपचार न केल्यास जीवघेणा असतो. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढल्यावर वाळूत फुगणारा केंड मासा टाकून दिलेला असतो. त्याचं विष शिजवूनही जात नाही आणि त्यावर उताराही नाही. तिथे कुत्रं साखळीलाच ठेवा. फिशमीलला, म्हणजे मासळीच्या भुकटीला, जाणारी मिश्र मासळी स्वस्त म्हणून आणलीत, तर त्यात केंड नाही ना हे बघत एकेक मासा निवडून घ्या.

जून-जुलैत बोटी बंद असतात. मी तेव्हा मिठाशिवाय वाळवलेले बोंबील वापरते. पर कापून, वाळू जाईपर्यंत धुऊन, तासभर कोमट पाण्यात भिजवून कुकरला लावते. खारा बांगडा मात्र कितीही भिजवला तरी कुत्र्याला नको.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, कारण काट्यातला फॉस्फरस त्याला झेपत नाही. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या कुत्र्याला तेलकट तारली चालत नाही, त्याच्यासाठी ढोमा किंवा राणी मासा बरा, पण काटे काढून आणि टरफलांची पूड घालून. निरोगी कुत्र्यालाही एकदम ताट बदलू नका. पहिले दोन-तीन दिवस नेहमीच्या जेवणात चमचाभर मासा, मग ठरलेल्या मापाचा पाव हिस्सा, मग अर्धा, असं करत आठ-दहा दिवसांनी पूर्ण. मध्येच शी पातळ झाली तर दोन दिवस मागच्या मापावर थांबा. बहुतेक वेळा ती तेल जास्त झाल्याने होते. अशा वेळी कुकरमधलं पाणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वर थिजलेला थर काढून टाका आणि पुन्हा सुरू करा.