आंतर्देशीय पत्रावरचं अक्षर

माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी आबा फौजेत होते तेवढी चोवीस वर्षं तिची पत्रं त्यांना नेमानं जात राहिली. ती लिहिली आपल्या शाळेतल्या गुरुजींनी. मधली सुट्टी संपली की आजी व्हरांड्यात येऊन उभी राहायची, कमरेच्या पिशवीतून आंतर्देशीय पत्र काढायची आणि सांगायला लागायची. पोरांना पाढे म्हणायला लावून गुरुजी ते उतरवून घ्यायचे. पत्त्यात गाव नसे. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी 'मार्फत ९९ एपीओ', म्हणजे फौजेचं टपालघर. शाळेच्या अमृतमहोत्सवी अंकात लिहायचं ठरलं तेव्हा मला सगळ्यात आधी हेच आठवलं.

आबा १९५८ साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि १९८२ साली नायब सुभेदार होऊन घरी आले. साताऱ्याकडे यात नवल नाही. जवळच्या अपशिंग्याला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले.

लढाईवर आबा फार बोलत नसत. १९७१ च्या युद्धात त्यांची पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, पूर्वेला, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरपाशी होती. ब्रह्मपुत्रा ओलांडून त्यांनी शहराच्या पाठीमागचा रस्ता अडवला. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याचं पत्र पाठवलं, तर समोरच्या पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडायला पाकिस्तानी फौज याच रस्त्यानं आली. ११ तारखेला जमालपूर पडलं. त्या रात्रीचं आबांनी मला एवढंच सांगितलं, "बोटं गारठली होती. मनात हरिपाठ चालू होता, पण अभंग मागंपुढं व्हायचे."

आजीनं नोव्हेंबरात धाडलेलं पत्र त्यांच्या हाती पडलं जानेवारीत. बाजरी झाली, म्हैस व्याली, आणि खाली, 'तुम्ही सुखरूप आलात की आपण आळंदीपासून पायी वारी करू, असं विठ्ठलाला सांगितलं आहे.' नवस आजीनं बोलला आणि कागदावर आला गुरुजींच्या अक्षरात. आबांनी तिथेच पलटणीत माळ घातली. रम सोडली, मटण सोडलं. पुढे फौजेच्या कँटीनमधला दारूचा कोटा मागायला गावातले कितीजण यायचे! आबांनी तो कधी उचलला नाही, कुणाच्या नावावरही नाही. यावरून काहींनी बोलणं टाकलं, ते आबांनी सोसलं.

पेन्शनीत आल्यावर दोघं मिळून वारीला निघाले आणि गुडघे साथ देईपर्यंत एकही वर्ष चुकलं नाही. मी एकदा लोणंद ते फलटण त्यांच्याबरोबर चालले. संध्याकाळी समाजआरतीला चोपदारांनी चोप वर केला आणि एवढा मोठा समुदाय एका क्षणात गप्प झाला. एका दिंडीचे टाळ मात्र वाजतच होते. आबा कानाशी म्हणाले, "त्यांची काहीतरी तक्रार आहे. ऐकून घेतल्याशिवाय थांबायचे नाहीत." मग त्यांनी मला हैबतबाबांचं सांगितलं. ते आरफळचे, आपल्याच जिल्ह्यातले, शिंद्यांच्या पदरी सरदार. माउलींच्या सोहळ्याला ही शिस्त त्यांनी लावली. सांगताना आबांचा आवाज भरून आला होता. एका शिपाईगड्यानं वारी बांधली, याचा त्यांना फार अभिमान होता.

शाळेतल्या माझ्या वेळच्या सगळ्यांना आबा आठवत असतील ते २६ जानेवारीच्या संचलनामुळे. डिसेंबर लागला की सकाळी सहाला ते मैदानावर हजर. कानटोपी, मफलर, हातात वेताची छडी. ती त्यांनी कुणावर उगारलेली मी पाहिली नाही. नववीत त्यांनी मला संचलनाची प्रमुख केलं तेव्हा थोडी कुजबुज झाली. आबा म्हणाले, "आवाज हिचा खणखणीत आहे. आणखी काय लागतं?" २६ तारखेला ते ब्लेझर घालून यायचे. छातीवर 'पूर्वी स्टार' (एकाहत्तरच्या लढाईचं पदक), आदल्या रात्री ब्रासो लावून आजीच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं घासलेला, आणि कॉलरच्या आत तुळशीची माळ. शाळेनं मानधन विचारलं, तर म्हणाले, "गुरुजींचंच देणं फिटायचंय अजून."

आबा गेल्यावर त्यांची काळी लोखंडी पेटी उघडली. पत्रं वर्षावार सुतळीनं बांधलेली होती. एकाहत्तरच्या त्या पत्रात आजीचा मजकूर संपल्यावर कडेच्या जागेत गुरुजींनी स्वतःचं म्हणून बारीक अक्षरात लिहिलं आहे, 'ता. क. थोरल्याची गणिताची वही मी रोज पाहतो. काळजी नसावी.' थोरला म्हणजे माझे वडील. ते पत्र मी महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी शाळेकडे दिलं आहे. मधली घडी फाटली होती, तिथे आबांनी आतून पतंगाचा कागद चिकटवला आहे. तो कृपया काढू नये.